फटफटीच्या सीटचा खटका



आज आम्ही तुमच्याशी एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ही वस्तू फटफटीला असते. सीटच्या पोटाखाली असते. आपण रोज तिच्या भरवशावर बसतो, पण तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. तिला आपण खटका म्हणू. कुणी तिला सीटचं लॉक म्हणतात. नाव काही का असेना, तिचे काम एकच. सीट गाडीला घट्ट धरून ठेवायची, आणि धन्याने चावी फिरवली की सोडून द्यायची.

काम लहान दिसते. पण हा खटका अडला म्हणजे काय तारांबळ उडते, ते जुनी गाडी वापरणाऱ्याला विचारा. चावी फिरते, पण सीट हलत नाही. कधी चावीच फिरत नाही. मग एक जण चावीला पक्कड लावतो. दुसरा सीटखाली टॉमी घालतो. तिसरा म्हणतो, “घाला एक लाथ!” शेवटी चावी मोडते किंवा सीट फाटते. आठ आण्यांचे काम आठशे रुपयांचे होते.

असे होऊ नये म्हणून आजचे बोलणे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा हा धडा घरी न्या. गाडीजवळ बसा. एकेक वाक्य वाचा आणि एकेक भाग डोळ्यांनी बघा. वाचलेले हातात उतरते ते असेच.

गावात जुनी गाडीच जास्त

आपल्याकडे फटफटी आली त्याला पुष्कळ वर्षे झाली. १९५५ साली मद्रासला बुलेट गाडी जोडायला सुरुवात झाली. १९६१ साली मैसूरला जावा गाडीचा कारखाना निघाला. १९८५ साली हीरो होंडाची शंभराची गाडी आली. ती थोड्या पेट्रोलात लांब जाई. म्हणून शेतकऱ्याच्या दारात आली. मग २००१ साली पुण्याच्या बजाज कंपनीने पल्सर काढली, आणि तरुण पोरांना तिचे वेड लागले.

यांतल्या काही गाड्या आता बनत नाहीत. मैसूरचा तो जुना कारखाना १९९६ साली बंद पडला. हीरो आणि होंडा या दोन कंपन्या २०१० साली वेगळ्या व्हायचे ठरवून बसल्या. पण त्यांच्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. शहरात पहिला धनी गाडी वापरतो. मग ती दुसऱ्याकडे जाते. तिसऱ्याकडे येते तेव्हा ती आपल्या गावात असते. तिला दूध वाहायचे असते, खताची गोणी वाहायची असते, पोराला शाळेत न्यायचे असते.

अशा गाडीचा जुना भाग मोडला तर तसाच भाग मिळेल याचा नेम नसतो. म्हणून जुन्या गाडीवर जोर करायचा नाही. तिला समजून घ्यायचे.

सीट उघडली नाही तर काय बिघडते?

सीटखाली काय असते ते आठवा. गाडीगाडीत फरक असतो. पण पुष्कळ गाड्यांत बॅटरी तिथेच असते. फ्यूज तिथेच असतो. पाने आणि पेचकस ठेवायचा कप्पा तिथेच असतो. कित्येक जण गाडीची कागदपत्रेही तिथेच ठेवतात.

आता समजा, रात्रीची वेळ आहे. एक शेतकरी धुळ्याहून सोनगीरला परत येतो आहे. वीसेक किलोमीटरचा रस्ता. मुंबई-आग्रा महामार्ग म्हणजे ट्रकांची रीघ. मधेच गाडीचा दिवा गेला. फ्यूज उडाला असेल. नवा फ्यूज काही फार महाग नसतो. तो सीटखाली ठेवलेलाही आहे. पण सीट उघडेल तर ना! काळोखात, रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या वाऱ्यात तो माणूस उभा आहे. वस्तू जवळ आहे, आणि हाताला मिळत नाही.

हे झाले एक संकट. दुसरे याहून मोठे आहे. ते आम्ही पुढे सांगू. आधी खटका कसा असतो ते पाहू.

खटक्याचे पाच भाग

काही साध्या गाड्यांची सीट नुसत्या दोन बोल्टांवर बसवलेली असते. ती पान्याने उघडते. तिला खटका नसतो. आपण बोलतो आहोत ती चावीने उघडणारी सीट.

तिचे भाग असे.

पहिला भाग जीभ. सीटच्या पुढच्या टोकाला, टाकीच्या बाजूला, एक किंवा दोन जिभा असतात. त्या गाडीच्या पट्टीखाली सरकून बसतात. काही गाड्यांत जिभेऐवजी बिजागरी असते.

दुसरा भाग कडी. ती सीटच्या पोटाला, मागच्या बाजूला असते. जाड सळईची, वाकवलेली.

तिसरा भाग खटका. तो गाडीच्या सांगाड्यावर असतो. विंचवाच्या नांगीसारखी त्याला एक चोच असते. कडी वरून आली की चोच तिला पकडते.

चौथा भाग स्प्रिंग. ती खटक्याला जागेवर ओढून ठेवते.

पाचवा भाग कुलूप. चावी फिरवली की कुलूप खटक्याला ओढते आणि चोच कडीला सोडते. कुलूप खटक्याजवळ असेल तर मधे लोखंडी पट्टी असते. लांब असेल तर मधे तार असते, ब्रेकच्या तारेसारखी.

जीभ, कडी, खटका, स्प्रिंग, कुलूप. पाच शब्द. सीट अडली की या पाचांपैकी एकजण अडलेला असतो. तो कोण, एवढेच शोधायचे.

आधी दाबा, मग फिरवा

पावसाळ्यात घराचे दार फुगते. कडी निघत नाही. मग घरातली बाई काय करते? ती कडीशी झटत बसत नाही. एका हाताने दार जवळ ओढते, आणि दुसऱ्या हाताने कडी काढते. दाराचा ताण कडीवर होता. तो गेला, कडी मोकळी झाली.

सीटचेही असेच आहे, बरे का. सीटखाली रबराचे ठोकळे असतात. ते सीटला वर रेटतात. त्यामुळे कडी चोचीत ताठ बसते. चोच सुटू पाहते, पण ताणामुळे सुटत नाही. तुम्ही सीट वर ओढत चावी फिरवली, तर ताण आणखी वाढतो. बहुतेक माणसे हेच करतात.

तेव्हा उलटे करा. कडी जिथे असेल त्या जागी, म्हणजे सीटच्या मागच्या भागावर, तळहाताने खाली दाबा. चांगले दाबा. दाबलेले असतानाच चावी फिरवा. चावी फिरलेली धरून ठेवा, आणि मग दाब सोडा. पुष्कळदा सीट एवढ्यानेच सुटते.

एकट्याने जमले नाही तर दोघांनी करा. एकाने दाबायचे, दुसऱ्याने चावी धरायची. सीट दाबता दाबता थोडी पुढे-मागे हलवा. तीन-चार वेळा करून बघा. घाई नको.

चावीच फिरत नसेल तर

मग दोष कुलपात आहे. कुलपाच्या पोटात काय असते? पितळेच्या लहान लहान पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चावीचे दाते या पट्ट्यांना हलवतात. सगळ्या पट्ट्या एका ओळीत आल्या, म्हणजे कुलूप फिरते. एक जरी ओळीबाहेर राहिली, तरी कुलूप फिरत नाही.

आपल्या खानदेशात उन्हाळ्यात काय धूळ उडते ते तुम्ही जाणता. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. ती कुलपाच्या भोकातून आत जाते. वरून कुणी गोडेतेल सोडतो. तेल आणि धूळ मिळून चिकट राड होते. पट्ट्या त्या राडीत रुततात. म्हणून कुलपात गोडेतेल घालू नका. खोबरेलही नको. ही तेले काही दिवसांनी चिकट होतात. इंजिनातून काढलेले काळे तेल तर मुळीच नको. त्यात घाण असते.

मग काय करायचे? आधी चावी पुसा. चावीच्या खोबणीतली घाण काडीने काढा. कुलपाच्या भोकात जोराने फुंकर घाला. सायकलचा पंप असेल तर त्याने हवा मारा. मग रॉकेलचे दोन-चार थेंब आत सोडा. रॉकेल नसेल तर डिझेल चालेल. दुकानात गंज सोडवणारा फवारा मिळतो, तो सगळ्यांत सोपा. चावी आत घाला, बाहेर काढा, पुसा. पुन्हा घाला. असे दहा-वीस वेळा करा. दर वेळी चावीवर काळी घाण येईल. घाण येते आहे म्हणजे काम होते आहे. पंधरा मिनिटे थांबा आणि मग हळूच फिरवा.

कुलूप साफ होऊन वाळले, की त्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. तेल घालायचे नसेल तर आणखी एक उपाय आहे. तुमच्या पिशवीतली शिसपेन्सिल काढा. तिच्या काळ्या टोकाने चावीच्या दोन्ही बाजू घासा, आणि चावी कुलपात आत-बाहेर करा. पेन्सिलीच्या पोटात शिसे नसते. ते असते ग्राफाइट. ते कोरडे असून गुळगुळीत असते. त्याला धूळ चिकटत नाही. पण तेल आणि पेन्सिल दोन्ही एकदम नको. दोन्ही मिळून पुन्हा राड होते. एकच काही तरी करा.

या कामात पेट्रोल वापरू नका. जवळ बॅटरी आहे. एक ठिणगी पुरते. आणि काम चालू असताना बिडी दूर ठेवा.

चावीला पक्कड का लावू नये

सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी सगळीकडे माहीत आहेत. तेव्हा धातूची गोष्ट तुम्हांला नव्याने सांगायला नको. भांडे घडवणारा कारागीर पत्रा ठोकतो. ठोकता ठोकता तांबे कडक होत जाते. मग तो पत्रा भट्टीत तापवतो. तापवला की मऊ होतो. मग पुन्हा ठोकतो. न तापवता तो ठोकतच राहिला तर काय होईल? पत्रा चिरेल.

चावीची गोष्ट हीच आहे. चावी एकदा वाकली, आपण ती सरळ केली. पुन्हा वाकली, पुन्हा सरळ केली. वाकण्याच्या जागी धातू दर वेळी कडक होतो आणि ठिसूळ होतो. मग एके दिवशी चावी कुलपातच मोडते. अर्धी हातात, अर्धी आत. पक्कड लावली तर हे पहिल्याच दिवशी होते. बोटांच्या जोराला मर्यादा आहे, ती आपल्या भल्याची आहे. बोटांनी फिरत नाही ती चावी पकडीने फिरवायची नाही.

गाडीबरोबर दोन चाव्या येतात. एक आपण रोज वापरतो. ती खिशात, मातीत, घामात झिजते. दुसरी कुठे तरी डब्यात पडलेली असते. ती काढा आणि दोन्ही शेजारी धरून दाते बघा. रोजच्या चावीचे दाते बोथट झाले असतील, तर डब्यातल्या चावीने कुलूप उघडून पाहा. नवी चावी करून घ्यायची ती या न झिजलेल्या चावीवरून घ्या. झिजलेल्या चावीवरून केलेली चावी जन्मतःच झिजलेली असते.

चावी फिरते, पण सीट सुटत नाही

दाबून पाहिले, तरी सुटत नाही. आता चावी फिरवताना हाताला काय लागते ते बघा. चावी ढिली, मोकळी फिरते का? मग मधली तार तुटली असेल, निसटली असेल, किंवा लांबली असेल. चावी थोडी फिरून कशाला तरी अडते का? मग खटका गंजला असेल, किंवा कडी वाकून चोचीला घासत असेल.

तार गेली असेल तर बाजूचा पत्रा किंवा प्लॅस्टिकचे झाकण काढा. पुष्कळ गाड्यांत ते एक-दोन स्क्रूंनी बसवलेले असते. आत कुलपापासून खटक्याकडे जाणारी तार दिसेल. तिचे टोक पकडीने धरून हळूच ओढा. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी सीट दाबावी. सीट सुटेल.

खटका गंजला असेल तर मागच्या मडगार्डच्या खालून बॅटरीच्या उजेडात बघा. तो दिसत असेल तर त्यावर डिझेल किंवा गंजाचा फवारा मारा. अर्धा तास थांबा. गंजाला वेळ द्यावा लागतो. नंतर सीट दाबा, सोडा, दाबा, सोडा, आणि चावी फिरवा. तेल मारताना एक काळजी घ्या. ते मागच्या टायरवर आणि ब्रेकवर पडू देऊ नका. खाली फडके धरा. तेलकट ब्रेक लागत नाही, हे विसरू नका.

सीट उघडल्यावर

सीट उघडली. शाबास! पण लगेच बंद करू नका. आता खरे काम आहे.

पहिल्यांदा खटका कपड्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा. मागचे चाक चिखल उडवते आणि तो खटक्यावर जाऊन वाळतो. तो सगळा काढा. गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा. मग खटक्याच्या सांध्याला आणि कडीला बोटभर ग्रीस लावा. ग्रीस खटक्याला चालते. कुलपाच्या भोकात चालत नाही.

बॅटरीजवळ लोखंडी पाना नेताना जपा. बॅटरीवर दोन खुणा असतात. एक अधिकाची, एक वजाची. पान्याचे एक टोक अधिकाच्या खिळ्याला आणि दुसरे गाडीच्या लोखंडाला लागले, तर ठिणगी उडते. बॅटरी काढायची असेल तर वजाची तार आधी सोडा. बसवताना ती शेवटी लावा.

नंतर कारण शोधा. खटका उगाच अडत नाही. बघा, सीटखाली काही कोंबले आहे का? पावसाचा कोट, गोणपाट, जाड फडके? ते सीटला वर रेटते आणि कडी ताठ होते. ते काढा. नुकतेच सीटला नवे कव्हर घातले आहे का? कधी कधी कव्हराच्या कडा दुमडून इतक्या जाड होतात, की सीट पुरती खाली बसतच नाही. तसे असेल तर कव्हर घालणाऱ्याकडून कडा नीट करून घ्या. रबराचे ठोकळे फुगले आहेत का? एखादा पडला आहे का? एका बाजूचा ठोकळा नसला तर सीट तिरकी बसते, आणि कडी चोचीत वाकडी जाते.

कडीचे नट ढिले झाले असतील तर कडी चोचीच्या बरोबर वर येईल अशी सरकवा आणि नट आवळा. तार लांबली असेल तर ती जरा ताणून घ्या. पण अगदी ताठ करू नका. किंचित ढील राहू द्या. तार फार ताठ झाली तर चोच अर्धवट उघडी राहते, आणि अर्धवट उघडी चोच सीट नीट धरत नाही.

आता परीक्षा. सीट उघडीच ठेवा. कडीच्या जागी पेचकसाची दांडी घ्या आणि ती खटक्यात दाबा. बोट घालू नका, बोट चिरडेल. खट् असा आवाज येईल. चोच बसली. आता चावी फिरवा. चोच सुटली पाहिजे. असे पाच वेळा करा. पाचही वेळा चोच बसली आणि पाचही वेळा सुटली, तरच सीट लावा. ही परीक्षा न करता सीट लावली, तर ती पुन्हा अडकेल आणि आपण पहिल्या ठिकाणी येऊ.

उघडले म्हणजे झाले का?

मंडळी, आता ते दुसरे, मोठे संकट सांगतो. नीट ऐका.

खटक्याला दोन कामे आहेत. मागितले की उघडायचे हे एक. आणि मागितल्याशिवाय उघडायचे नाही हे दुसरे. सीट अडली, की आपल्याला पहिल्या कामाचीच आठवण राहते. मग कुणी वैतागून खटकाच काढून टाकतो. सीट दोरीने बांधतो, नाही तर ट्यूबच्या रबराने. म्हणतो, “कटकट मिटली. आता कधीही उघडा!”

पण त्या सीटवर मागे कोण बसते? बहुधा घरातली बाई बसते. एका बाजूला पाय सोडून बसते. मांडीवर लेकरू असते. तिच्या हातात हँडल नाही. ब्रेक नाही. पुढे खड्डा आहे की गतिरोधक, तेही तिला दिसत नाही. तिचा सगळा भरवसा त्या सीटवर. गाडी खड्ड्यात आदळते. रबर ताणते. सीट एक बोट सरकते. चालवणाऱ्याला ते कळतही नाही, कारण त्याने हँडल धरलेले असते. मागची मात्र तोल जाऊन रस्त्यावर येते, आणि मागून ट्रक येत असतो.

कायद्यालाही याची जाण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १२८ व्या कलमात म्हटले आहे, की चालवणाऱ्याशिवाय दुचाकीवर एकच माणूस बसवावा, आणि तो गाडीला पक्क्या बसवलेल्या सीटवरच बसवावा. १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. त्यात सांगितले आहे, की मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून चाकाला आडोसा हवा. मूठ आहे, पायटा आहे, आडोसा आहे, आणि सीटच दोरीवर आहे, तर काय उपयोग?

म्हणून आम्ही सांगतो, सीट उघडली तेव्हा काम अर्धे झाले. सीट बंद होऊन पक्की बसली, तेव्हा ते पुरे झाले.

सीट लावताना आधी पुढच्या जिभा पट्टीखाली नीट घाला. मग मागच्या भागावर दोन्ही हातांनी दाबा. खट् आवाज ऐका. आवाज आला तरी विश्वास ठेवू नका. सीटच्या मागच्या टोकाला दोन्ही हातांनी धरून जोराने वर ओढा. डावीकडे-उजवीकडे हलवा. सीट सुटली नाही, तरच कुणाला मागे बसवा.

आणि भगिनींनो, हे तुमच्यासाठीही आहे. गाडी तुम्ही चालवत नसाल, पण सीट तुम्ही ओढून बघू शकता. बसायच्या आधी एक हिसका द्या. सीट हलली तर बसू नका. “आधी ही नीट करा, मग येते,” असे सांगा. यात कुणाचा अपमान नाही. हा जिवाचा प्रश्न आहे.

मिस्तरीकडे केव्हा जावे

सगळे घरी करायचे असे नाही. चावी कुलपात मोडली, स्प्रिंग तुटली, चोच झिजून गुळगुळीत झाली, किंवा कडीला चीर गेली, तर मिस्तरीकडे जा. चिरलेली कडी ठोकून सरळ करू नका. चीर वाढते आणि एक दिवस कडी तुटते. नवी घालून घ्या. नवा खटका मिळाला नाही, तर सीट बोल्टने पक्की करून घ्या. उघडायला पाना लागेल, थोडा वेळ लागेल. पण ती सुटणार नाही. दोरीपेक्षा बोल्ट शंभर पटीने बरा.

मिस्तरीला नुसते “सीट अडते” म्हणू नका. “चावी मोकळी फिरते, तार गेली असेल,” असे सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचा पैसा वाचेल.

वहीत लिहा

शेवटी एक काम देतो. तुमची वही घ्या. गाडीसाठी एक पान राखा. त्यावर पहिल्यांदा गाडीचा नंबर लिहा. पुष्कळ चाव्यांवर किंवा चावीबरोबर आलेल्या लहान पत्र्यावर चावीचा नंबर असतो. असला तर तोही लिहा. चावी हरवली तर तो उपयोगी पडतो. दुसरी चावी घरात कुठे ठेवली आहे ते लिहा. ती सीटखाली मात्र ठेवू नका. सीट अडली तर चावीही आतच राहील!

मग खटक्याला ग्रीस कोणत्या तारखेला लावले ते लिहा. वर्षातून दोनदा लावा. एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा पावसाळा सरल्यावर. गाडी जोराच्या पाण्याने धुतली तर कुलूप वाळवून तेलाचा एक थेंब घाला, आणि तीही तारीख लिहा.

त्याच पानावर ही चार वाक्ये आपल्या अक्षरात उतरवून घ्या.

आधी सीट दाबा, मग चावी फिरवा.
चावीला पक्कड लावू नका.
सीट लावल्यावर ओढून बघा.
सीट दोरीने बांधू नका.

लिहून झाले, की घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि उद्या सकाळी गाडी काढण्याआधी आपली सीट एकदा ओढून बघा.